नाणेघाटचे आकडे आणि इक्बालभाई न बोललेलं वाक्य

नाणेघाटाला निघायच्या चार दिवस आधीच माझं नाणेघाटाचं प्रवासवर्णन लिहून झालं होतं.

वर्तमानपत्रात काम केलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. पुरवणीची पानं आधी लागतात, माणूस मागून पोचतो. नोकरीत असताना मी मजकूर लिहून ठेवायचो आणि मधे कंस सोडायचो. इथे हवा, इथे जेवण, इथे कुणाचा तरी संवाद. परत आलो की कंस भरायचे. फारसं बदलावं लागत नसे. डोंगर डोंगरासारखा असतो, पिठलं पिठल्यासारखं. नोकरी संपली, ब्लॉग सुरू झाला, सवय तशीच राहिली. फरक इतकाच की आता लेख कधी प्रसिद्ध व्हायचा ती वेळ आधी लावून ठेवता येते.

गेल्याच्या आधीच्या रविवारी सकाळी या पानावर जो लेख दिसत होता तो असा लिहिलेला होता. तो मी काढून टाकला आहे. ज्यांनी तो वाचला आणि पुढे पाठवला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना खरोखर नाणेघाटाला जायचं आहे त्यांच्यासाठी, हा दुसरा.

जायचं ठरलं पनवेलच्या वडाळे तळ्यावर. सकाळी तिथे फिरणाऱ्यांत इक्बालभाई आणि मी अशी आमची जोडी आहे. ते माझ्याहून थोडे मोठे. मूळचे तळोज्याचे, राहायला पनवेलच्या मोहल्ल्यात. आधी इथल्या शाळेत, मग बरीच वर्षं मस्कतला त्यांनी गणित शिकवलं. त्यांचे विद्यार्थी आखातात जिकडेतिकडे पसरलेले आहेत, आणि त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर इक्बालभाई रोज एक गणित टाकतात. दुबईत बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं ते सोडवत बसतात आणि चुकलं की ‘सॉरी सर’ लिहितात. मला ते ‘लेखक’ म्हणतात. त्यात थोडी चेष्टा असते, पण मला ते आवडतं.

त्या दिवशी ते म्हणाले, “लेखक, उमर गेली आकडे शिकवण्यात. आकड्यांचं जुनं घर काही पाहिलं नाही.”

“नाणेघाट म्हणताय?”

“तेच. दगडावर आकडे आहेत म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वीचे. गुडघा पुरता जायच्या आत घेऊन चल.”

मला विषय हवाच होता. प्राचीन भारतातलं गणित म्हटलं की लोक वाचतात, आणि ‘शून्य’ हा शब्द मथळ्यात असला तर जास्त वाचतात. दुपारी जेवून बसलो आणि लिहून काढलं. नाणेघाटात शून्य आहे हे एका फॉरवर्डमध्ये आलं होतं. ते मी तपासलं नाही. प्रवासवर्णनाला शेवटाच्या थोडं आधी एक हलवून टाकणारा क्षण लागतो, तो मी इक्बालभाईंना दिला. शनिवारी जायचं, रविवारी सकाळी लेणं पाहायचं, म्हणून लेखाची वेळ रविवारी नऊची लावली.

शनिवारी पहाटे निघालो. शिळफाट्याची गर्दी नको म्हणून आम्ही चौक, कर्जत, मुरबाड असा रस्ता घेतला. कर्जतपर्यंत रस्ता चांगला आहे. पुढे काही ठिकाणी काम चालू आहे, पण सकाळी गाड्या कमी असतात. चौकच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवालीने आमच्या काठ्या आणि टोप्या पाहिल्या.

“कुठं, माथेरानला?”

“नाणेघाटाला,” मी म्हणालो.

“तिकडं काय हाय?”

“आकडे आहेत, ताई,” इक्बालभाई म्हणाले. “दगडावर कोरलेले.”

ती जरा जवळ आली. “मटक्याचे?”

“बरेच जुने आहेत. लागून गेले असतील.”

“मंग काय उपेग नाय,” ती म्हणाली आणि कपात चहा ओतला.

मुरबाडला कल्याणचा रस्ता मिळतो. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची जुनी पायवाट चढते. पाय धड असतील तर तुम्ही तिथूनच चढा, दोन-अडीच तासांत वर पोचाल, आणि घाटमाथ्यावर पोचणाऱ्या व्यापाऱ्याला काय वाटत असेल ते कळेल. आमच्यासारख्यांनी माळशेज चढून, मढवरून गणेशखिंडीतून जुन्नरला जावं. हिवाळ्यात माळशेज रिकामा असतो. इक्बालभाईंनी आपला फोन गाडीच्या स्पीकरला जोडून गझला लावल्या होत्या आणि सुरात आवाज मिसळत होते. बेसूर, पण आनंदात.

जुन्नरला बसस्टँडजवळ साध्या लॉजमध्ये हजाराच्या आतबाहेर खोली मिळते. गरम पाणी सकाळी बादलीने देतात. रात्री मासवडी खाल्ली. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी सांगतो, मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण असतं आणि बरोबर झणझणीत रस्सा. इक्बालभाईंनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. मग म्हणाले, “मस्कतला असं काही मिळालं असतं तर मी निवृत्तच झालो नसतो.”

खोलीत ते नमाजाला बसले तेव्हा मी फोनवर माझा लेख उघडला. दुरुस्त करायला आताच वेळ होता. नेट चांगलं होतं. मी तो पहिल्यापासून वाचला आणि मला तो आवडला. एका वाक्यात ‘खूप’ दोनदा आला होता, त्यातला एक काढला. मग झोपलो.

रविवारी सकाळी जुन्नर सोडलं. आपटाळे, चावंड, मग घाटघर. डोंगर जवळ येत जातात आणि फोनची रेघ कमी होत जाते. घाटघरला ती गेलीच. पठारावर गाडी लावायला जागा आहे. समोर जीवधन, उजवीकडे नानाचा अंगठा. वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. घाट चढून आलेले लोक त्यात जकात टाकत असं सांगतात. तिथून एक अरुंद नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली घळ, कोकणाच्या बाजूला उतरते आणि थोड्याच पायऱ्यांवर लेणं लागतं. पायऱ्या उंच आणि गुळगुळीत झालेल्या आहेत. इक्बालभाई एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून उतरले.

लेणं म्हणजे एक मोठी खोली, कडेने दगडी बाक. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या लोकांची नावं आहेत. त्यांच्या मूर्ती होत्या, त्या गेल्या. डाव्या-उजव्या भिंतीवर त्यांच्यातल्याच एका राणीचा लांबलचक लेख. तिने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा. गायी, घोडे, हत्ती, नाणी. किती दिलं ते सांगायचं म्हणून आकडे. सोबत टॉर्च न्या. समोरून प्रकाश टाकला तर काहीच दिसत नाही, अक्षरं झिजली आहेत. भिंतीला चिकटवून बाजूने टाकला की कोरलेली रेघ उठून येते. इक्बालभाईंना हे माहीत होतं. त्यांनी मुलीकडून, सनाकडून, छोटा टॉर्च आणला होता.

वैशाखऱ्याकडून चढून आलेली कल्याणची चार तरुण मुलं-मुली बाकावर दम खात बसली होती. त्यांतल्या एकीने मला विचारलं, “काका, इथे झिरो कुठे आहे?”

“याच भिंतीवर,” मी म्हणालो. “जगातलं पहिलं.”

इक्बालभाई भिंतीशी उभे होते. “दाखव,” ते म्हणाले.

“असेल इथेच कुठेतरी.”

“दाखव ना, लेखक. मी पण बघतो.” आवाजात काही टोचणी नव्हती. त्यांना खरंच पाहायचं होतं. त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. मी भिंतीवर प्रकाश फिरवला, दोनदा. एक गोल खड्डा सापडला, तोही दगडाचा टवका उडाल्याचा.

“नसणारच,” ते मुलीला म्हणाले. “यांना लागतच नव्हतं. हे बघ. ही एक आडवी रेघ म्हणजे एक. दोन रेघा, दोन. दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी. शंभराच्या खुणेला सातची खूण जोडली, झाले सातशे. तुझ्या पर्समध्ये पाचशेची नोट आहे आणि पाचची आहे. मधे दहाची एकही नाही हे सांगायला तू कोरा कागद ठेवतेस का?”

“नाही.”

“मग. शून्य लागतं घरं पाडल्यावर. एकक, दशक, शतक. घर आहे आणि घरात कुणी नाही, हे सांगायला. इथे अजून घरंच नाहीत. ती पुढे पडली, आपल्याकडेच, पण बऱ्याच शतकांनी. इथे फक्त दान मोजायचं होतं.”

“म्हणजे हे कमी हुशार होते?” दुसऱ्या मुलाने विचारलं.

“तू नोटा मोजतोस तेव्हा कमी हुशार असतोस का रे?”

मुलं हसली. मी टॉर्च धरून उभा होतो. लेखात शून्य होतं, आणि लेखाची वेळ होत आली होती. फोन पाहिला. रेघ नव्हती.

इक्बालभाई बाकावर बसले आणि मुलांना सांगू लागले. “मस्कतला माझ्या वर्गात अरबी पोरं. ती जे आकडे लिहितात त्यांना त्यांच्या भाषेत काय म्हणतात माहीत आहे? हिंदी. आजही. बगदादचे जुने पंडित हिशेबाची पुस्तकं लिहायचे तेव्हा साफ सांगायचे की ही रीत हिंदुस्थानची. पोरं मला विचारायची, सर, हे तुमच्याकडचे ना? मी म्हणायचो, हो, माझ्या गावाकडचे.” त्यांनी गुडघा चोळला. “तळोज्यात कोण आकडे शोधत बसलं होतं. पण छाती फुगायची. परदेशात माणसाला तेवढं पुरतं.”

आता माझ्या लेखात काय होतं ते सांगायला हवं. लेखात इक्बालभाईंनी शिलालेखावर हात ठेवला होता. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले होते, “शून्य इथे जन्मलं. माझ्या लोकांनी ते इथून नेलं आणि अरबी म्हणून जगाला विकलं. आज मी त्यांच्या वतीने माफी मागतो.” आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

मी म्हणालो, “चला, निघू या. ऊन वाढेल.”

“आत्ता तर आलो. उजवी भिंत राहिली.”

“फोटोवरून बघू घरी.”

“तू फोटो काढलास कुठे?”

काढला नव्हता. लेखात आधीच घातले होते, नेटवरचे. मी पुन्हा ऊन वाढेल म्हणालो. ते उठले. नाळेत ते दर चार-पाच पायऱ्यांवर थांबू पाहत होते आणि मी पुढे निघत होतो. एकदा मागून म्हणाले, “लेखक, जरा दम धर. गुडघा बोलतोय.” मी दहा पायऱ्या वर उभा राहिलो, खाली उतरून हात दिला नाही. फोन डोक्यावर धरून रेघ शोधत होतो. त्या चार मुलांपैकी एकाने त्यांना वर आणलं.

रांजणापाशी त्यांना चहा हवा होता. मी म्हणालो, पुढे घेऊ.

“कुणाचा फोन यायचा आहे का?”

“नाही, असंच.”

चावंड मागे पडलं आणि रेघ आली. माझा फोन खिशात होता, हात स्टिअरिंगवर. इक्बालभाईंचा फोन अजून गाडीच्या स्पीकरला जोडलेला. गझल सुरू होण्याआधी तो टिंग टिंग वाजायला लागला आणि थांबेना. मग सनाचा आवाज सगळ्या गाडीत भरला.

“अब्बा, तब्येत बरी आहे ना?”

“एकदम बरी. का?”

“तुम्ही रडलात म्हणून.”

“कुठे?”

“काकांच्या ब्लॉगवर आहे. ग्रुपवर सगळे टाकतायत. थांबा, वाचते.” तिने वाचलं. हात ठेवला, डोळे भरले, माझे लोक, माफी. मुलगी चांगलं वाचते. एकही शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाली, “तुमचा तो बहारीनचा विद्यार्थी विचारतोय, सर, असं उत्तर आम्ही लिहिलं असतं तर तुम्ही मार्क दिले असते का.”

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे मी कधी म्हणालो?”

“म्हणाला नाहीत.”

“काका, तुम्ही गाडीतच आहात का?” सनाने विचारलं.

“आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी बाजूला घ्यायला सांगून त्यांनी चष्मा लावला आणि पूर्ण लेख वाचला. शेजारून एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा. मी आपल्या फोनवरून तो लेख काढून टाकला आणि तसं त्यांना सांगितलं. ते वाचतच राहिले. त्यांच्याकडे कुणीतरी सगळा मजकूर उचलून पाठवला होता.

“मासवडीही आहे यात,” ते म्हणाले. “मी तीन खाल्ल्या म्हणे. कधी लिहिलंस हे?”

“मंगळवारी.”

“मंगळवारी मी कुठे होतो?”

“घरी असाल.”

“बँकेत होतो, हयातीचा दाखला द्यायला. जिवंत आहे म्हणून सही करत होतो, आणि तू इकडे मला रडवत होतास.” ते हसले नाहीत. “माझे लोक म्हणजे कोण रे? माझे लोक तळोज्याचे. आजा भाताची खाचरं करायचा, बाप एसटीत होता. यांतला बगदादला कोण गेला? आणि माफी कशाची? त्यांनी तर नाव सांगून घेतलं. घेणाऱ्याने नाव सांगितलं तर त्याला चोरी म्हणतात का?”

मी चुकलो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. त्यांना वाईट वाटावं असं काही लिहायचा हेतू नव्हता, हेही म्हणालो. ते खरं आहे आणि त्यानेच जास्त लाज वाटते. त्यांचा अपमान होईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला ते वाक्य त्यांचं मोठेपण दाखवणारं वाटलं होतं.

“रडवलंस ते एक वेळ सोड,” फोन खाली ठेवून ते म्हणाले. “पण शून्य? ज्या पोरांना मी एकेका घराच्या चुकीसाठी बाकावर उभं केलं, त्यांना वाटणार म्हातारा झाला आणि मंचावर टाळ्या घ्यायला काहीही बोलायला लागला.”

“मी दुरुस्ती लिहितो. तुमचं नाव काढून टाकतो.”

“नाव काढू नकोस. काढलंस तर म्हणतील, बोलला असेल आणि मग घाबरला असेल. जे झालं ते लिही, नावासकट.”

“टाकायच्या आधी तुम्हाला दाखवतो.”

“मी नाही तपासणार. पेपर तुझा आहे.”

परतीचा रस्ता तोच. मुरबाडला जेवलो, चांगली थाळी होती, पण कुठल्या खानावळीत ते मी पाहिलं नाही, तेव्हा सांगू शकत नाही. इक्बालभाईंनी फोन स्पीकरवरून काढून घेतला होता. कर्जतच्या पुढे त्यांनी ग्रुपवर काहीतरी लांब लिहिलं. काय ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं इथे लिहीत नाही.

घरी बायकोला, सुलभाला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला नाही रडवलंत गणपतीपुळ्याच्या लेखात? समुद्र बघून माझे डोळे भरले म्हणे. मला गाडी लागली होती.”

“तेव्हा बोलली नाहीस.”

“तुमच्या लेखातली मी वेगळीच बाई आहे. मला वाटलं, तिला कशाला खोटी पाडा.”

त्या रात्री जुने लेख उघडून बसलो. कुठलं वाक्य कोण खरंच बोललं होतं, हे मला अर्ध्याहून अधिक ठिकाणी सांगता येईना. हातगाडीवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे माझ्यासारखंच बोलतात, आणि सगळ्यांना शेवटाच्या थोडं आधी गहिवरून येतं. हे इतक्या वर्षांत कुणीच मला म्हणालं नाही. त्यांतले बहुतेक लोक ब्लॉग वाचत नाहीत, हे त्याचं कारण. इक्बालभाई वाचणाऱ्यांतले निघाले. या लेखात जे अवतरणात आहे ते मला शब्दशः आठवतं तेवढंच आहे. जिथे खात्री नव्हती तिथे गाळलं आहे. त्यामुळे लेख थोडा उघडाबोडका झाला असेल.

नाणेघाट पाहण्यासारखा आहे का? आहे. हवं तर एका दिवसात होतो, पण जुन्नरला राहिलात तर सकाळचा तिरपा प्रकाश मिळेल. उजव्या भिंतीबद्दल मी काही सांगू शकत नाही.

तळ्यावर मी रोज जातो. इक्बालभाई आठवडाभर आले नाहीत. मग परवा संध्याकाळी ते घरी आले. सुलभाने चहा केला, तो घेतला. त्यांना पुन्हा नाणेघाटाला जायचं होतं, सना आणि घरच्यांना घेऊन, भिंत राहिली म्हणून. रस्ता विचारायला आले होते. मी सगळं सांगितलं. कर्जतच्या पुढे काम कुठे चालू आहे, लॉज कुठला, गाडी पठारावर कुठे लावायची, नाळेत कुठल्या बाजूला धरायला कडा आहे. त्यांनी नीट ऐकलं, दोन गोष्टी पुन्हा विचारल्या आणि आभार मानले.

दारात चपला घालताना ते म्हणाले, “गाडीत जागा नाही या वेळी.”

मी विचारलं नव्हतं.